डब्यावर स्फुरद छापा : इंजिन ऑइल कंपन्यांना आणि मानक ब्युरोला नागपूरहून खुलं पत्र

प्रति,
इंजिन ऑइल बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे तांत्रिक विभाग,
तसेच भारतीय मानक ब्युरो

विषय : इंजिन ऑइलच्या डब्यावर फॉस्फरस (स्फुरद) आणि जस्ताचं प्रमाण छापण्याबाबत

महोदय,

मी नागपुरात सक्करदऱ्याला इंजिनं बांधतो. वडिलांनी लेथ टाकली, त्यावर बोरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग सुरू केलं. आता ते काम मी आणि माझा भाचा पाहतो. आमच्याकडे गाडी क्वचितच येते, बहुतेक वेळा नुसतं इंजिन येतं. टेम्पोच्या हौद्यात पोत्यावर ठेवलेलं, ऑइलने माखलेलं, कधी काटोलहून, कधी उमरेडहून, कधी वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून. फियाट, अँबेसिडर, जुन्या जीप, मारुती ८००, ट्रॅक्टर, बुलेट. नवीन गाड्यांची इंजिनं कंपनीच्या वर्कशॉपला जातात. आमच्या वाट्याला वीस, तीस, चाळीस वर्षांची इंजिनं येतात, आणि ज्या माणसाचं इंजिन असतं त्याला बहुधा दुसरी गाडी घेणं परवडणारं नसतं.

तुम्हाला पत्र लिहायचं कारण माझ्या टेबलावर ठेवलेला एक कॅमशाफ्ट आहे, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा.

रामटेकच्या एका निवृत्त गुरुजींची प्रीमिअर पद्मिनी, १९८४ ची. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिचं इंजिन आम्ही पूर्ण बांधून दिलं. बोअर केला, पिस्टन-रिंग नवे, बेअरिंगच्या शेल नव्या, कॅमशाफ्ट आणि आठही टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला धक्का पोचवणारी) नवी. गाडी गेली. फेब्रुवारीत गुरुजी परत आले. इंजिन गरम झालं की वरून बारीक टकटक येते म्हणाले. फिलर गेज लावून टॅपेट सेट करून दिले. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच टकटक. टॅपेट सेट केल्यावरही पुन्हा पुन्हा ढिले होत असतील तर दोष वर नसतो, खाली असतो, हे वडिलांनी शिकवलेलं. इंजिन उतरवलं आणि कॅमशाफ्ट बाहेर काढला.

टॅपेटला ढकलणाऱ्या आठ उंचवट्यांपैकी, म्हणजे लोबांपैकी, सात चकचकीत. सहाव्याला नाकच राहिलं नव्हतं. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावली, तर बाकी सातांची उंची दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत सारखी, आणि सहावा सव्वा मिलिमीटर खाली. त्याच्यावरचं टॅपेट हातात घेऊन तळावरून बोट फिरवलं. तिथे सपाट, गुळगुळीत पोलाद असायला हवं; बोटाला वाटी लागली. अशा इंजिनात टॅपेट लोबच्या अगदी मधोमध बसवलेलं नसतं, किंचित बाजूला असतं, म्हणजे कॅम फिरला की टॅपेटही स्वतःभोवती फिरावं आणि घर्षण एकाच जागी होऊ नये. पृष्ठभाग ओरखडला की टॅपेट फिरायचं थांबतं. एकदा ते थांबलं की मग कॅम म्हणजे कानस होते. गाडी तोवर जेमतेम अकराशे किलोमीटर चालली होती.

गुरुजींना ऑइल कुठलं टाकलं होतं ते विचारलं. त्यांनी डिकीतून रिकामा डबा आणि बिल दोन्ही काढून दाखवलं. "मी तं सगळ्यात महागाचं टाकलं होतं भाऊ," ते म्हणाले. "दुकानदार म्हणे, याच्या वर काई नाई." ५डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या दाटपणाचा नंबर, म्हणजे पातळ ऑइल), फुल सिंथेटिक, वर्ग एसएन (पेट्रोल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा; दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका वर्ग नवा). आम्ही इंजिन देताना भरलेलं ऑइल त्यांनी शंभर किलोमीटरवरच काढून टाकलं होतं. इंजिनावर इतका खर्च झालाय तर ऑइलही उत्तमातलं उत्तम असावं, एवढाच त्यांचा विचार. तो विचार चूक होता असं मी कसं म्हणू?

ऑइल नकली नव्हतं. बिल पक्कं होतं, सील मी स्वतः पाहिलं. नवीन गाडीत मी स्वतः ते डोळे मिटून टाकलं असतं. आणि सगळा दोष ऑइलच्या माथी मारणंही मला पटत नाही. पद्मिनीचे कॅमशाफ्ट आज बाजारात ज्या हातांतून येतात, त्यांचं हार्डनिंग एकसारखं नसतं. हा एक लोब मऊ राहिला असू शकतो. पण मऊ लोबला पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ज्या एका गोष्टीचा आधार हवा असतो, ती त्या ऑइलमध्ये जाणूनबुजून कमी केलेली होती आणि डब्यावर त्याबद्दल एक शब्दही छापलेला नव्हता. माझी तक्रार एवढ्याच भागाबद्दल आहे.

ती गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. हे पत्र माझे गिऱ्हाईकही वाचतील, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट, तुमच्या भाषेत झेडडीडीपी, आमच्या भाषेत नुसतं 'झिंक'. १९४० च्या दशकापासून ते इंजिन ऑइलमध्ये आहे. आधी ते ऑइल लवकर खराब होऊ नये आणि बेअरिंगचा धातू खाल्ला जाऊ नये म्हणून घालत. धातूची झीज ते किती अडवतं हे नंतर ध्यानात आलं. कॅमचं नाक टॅपेटवर चढतं तेव्हा नखाएवढीही नसलेल्या जागेवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा दाब येतो, आणि तिथे ऑइलचा थर टिकत नाही. त्या दाबात आणि उष्णतेत हे रसायन मोडतं आणि धातूवर काचेसारखा पातळ फॉस्फेटचा लेप बसतो. मग धातू धातूला लागण्याआधी लेप लेपाला लागतो. लेप झिजतो आणि पुन्हा बसतो, पण ऑइलमध्ये पुरेसं झेडडीडीपी शिल्लक असेल तरच.

मग ते कमी का केलं? कारण योग्यच होतं, आणि मी त्याच्या विरोधात नाही. इंजिन थोडं ऑइल जाळतंच. त्या धुरातला फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसतो आणि हळूहळू त्याला निकामी करतो. म्हणून पेट्रोल गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरसची कमाल मर्यादा उतरत गेली. आधी ०.१२ टक्के होती, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ०.१० झाली, आणि २००४ मध्ये एसएम वर्ग आला तेव्हा ०.०८. खालची हद्द ०.०६ ठेवली. २०१० ला एसएन, २०२० ला एसपी, २०२५ ला एसक्यू. मधे २०१८ मध्ये एसएन प्लस आला, तो छोट्या टर्बो इंजिनांत पेट्रोल वेळेआधी पेटून पिस्टन फुटत होते म्हणून. त्यासाठी ऑइलमधलं कॅल्शियम कमी करून बऱ्याच ठिकाणी मॅग्नेशियम वाढवलं गेलं. प्रत्येक बदलामागे कुठल्यातरी नव्या इंजिनाची खरी गरज होती.

पण गुरुजींच्या पद्मिनीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच नाही. आपल्याकडे तो चार महानगरांतल्या नव्या गाड्यांना १९९५ मध्ये सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाडीत फॉस्फरस कमी करून वाचवायला काहीच नाही, आणि गमवायला कॅमशाफ्ट आहे.

तुम्ही म्हणाल, नवा वर्ग जुन्याची जागा घेतो, एसएन जिथे चालतं तिथे एसएफ-एसजी मागणाऱ्या इंजिनालाही ते चालतं. हे उत्तर मी ऐकलंय, त्यात तथ्य आहे हेही कबूल करतो. प्रत्येक वर्गाला कॅमच्या झिजेची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. लाखभर किलोमीटर चाललेली, कॅम-टॅपेट एकमेकांत मुरलेली, मूळ स्प्रिंगची मारुती ८०० अशा ऑइलवर निवांत चालते. माझ्या दारात अशा कितीतरी येतात आणि त्यांचे कॅम ठीक असतात. पण हल्लीची झिजेची चाचणी टोयोटाच्या १.५ लिटर इंजिनावर होते, आणि त्याच्यात नि फियाटच्या १०८९ सीसीच्या इंजिनात अर्ध्या शतकाहून जास्त अंतर आहे. नुकतंच बांधलेलं, नवा कॅम आणि नवी सपाट टॅपेट घातलेलं जुन्या बनावटीचं इंजिन हे वेगळं प्रकरण आहे. त्याची पहिली वीस मिनिटं सगळ्यात नाजूक असतात. आम्ही तेव्हा इंजिन आयडलवर सोडत नाही, दोन हजार आरपीएमच्या आसपास धरून ठेवतो, म्हणजे कॅमवर ऑइल उडत राहील. त्यानंतरचे हजार किलोमीटरही जपायचे असतात. 'चालतं' हा शब्द अशा इंजिनाला पुरत नाही.

आता मूळ मुद्दा. ०.०८ ची मर्यादा सगळ्या ऑइलला लागू नाही. ती ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडना आहे. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० डब्यावर एसएन लिहिलेलं असलं तरी त्याला वरची हद्द नाही. कंपनीला वाटलं तर ती ०.१० किंवा ०.१२ ठेवू शकते, आणि वाटलं तर ०.०८ च ठेवते. म्हणजे दोन डब्यांवर तीच दोन अक्षरं, आत जवळजवळ दीडपट फरक, आणि हे बाहेरून ओळखायचा कुठलाच मार्ग नाही. मग जुन्या इंजिनाच्या माणसाने डबा निवडायचा तरी कशावरून? रंगावरून?

तो मार्ग शोधायचा मी प्रयत्न केला. गुरुजींच्या डब्यावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन लावला. ऑइलमध्ये फॉस्फरस किती टक्के आहे, एवढंच विचारलं. पलीकडची मुलगी अदबीने बोलली, पण तिच्याकडे ते उत्तर नव्हतं. तिने दुसरीकडे जोडून दिलं. तिथल्या गृहस्थांनी डब्यावर काय छापलंय तेच मला वाचून दाखवलं. मग ईमेल केला. नऊ दिवसांनी उत्तर आलं की घटकांचं प्रमाण ही गोपनीय माहिती आहे आणि उत्पादन एसएन मानक पूर्ण करतं. आणखी चार कंपन्यांना तसंच लिहिलं. एकीने आकडा कळवला, तिचे आभार. बाकी तिघींचं उत्तर अजून यायचंय. तुमच्या संकेतस्थळांवरची तांत्रिक पत्रकंही उतरवून घेतली. त्यांत श्यानता म्हणजे दाटपणा आहे, फ्लॅश पॉइंट म्हणजे पेट घेण्याचं तापमान आहे, टीबीएन म्हणजे आम्ल मारायची ताकद आहे. पोअर पॉइंट तर हटकून आहे, उणे चोवीस, उणे तीस. नागपूरचा पारा फार घसरला तर चार-पाच अंशांवर येतो. उणे तीसला हे ऑइल वाहतं हे मला कळवता, आणि मेच्या पंचेचाळीस अंशांत माझा कॅम कशाच्या भरवशावर फिरणार ते कळवत नाही.

गोपनीयतेचं कारण मला खरंच समजलेलं नाही. फॉस्फरस आणि जस्त किती आहे हे कुठल्याही चांगल्या ऑइल प्रयोगशाळेत एका नमुन्यावरून निघतं, ती रोजची चाचणी आहे. तुमच्या स्पर्धकाने तुमचा डबा विकत घेऊन ती केव्हाच केलेली असणार. त्याला माहीत, तुम्हाला माहीत. मग हे गुपित उरलं कुणापासून? रामटेकहून एसटीने येऊन माझ्या बाकावर बसलेल्या माणसापासून. झेडडीडीपीचा नेमका कुठला प्रकार वापरला, त्याच्या सोबत काय मिसळलं, ती तुमची विद्या आहे, ती तुमच्याकडेच राहू द्या. मी फक्त दोन मूलद्रव्यांची टक्केवारी मागतोय.

ही मागणी अवास्तव नाही हे मला काटोलच्या एका संत्रा बागायतदाराने दाखवून दिलं. ट्रॅक्टरचं इंजिन घेऊन आले होते. मी त्यांना हा सगळा फॉस्फरसचा प्रकार समजावत होतो, तर ते मधेच म्हणाले, "म्हंजे स्फुरदच ना? मंग पोत्यावर लिवल्यावानी डब्यावर लिवत काऊन नाई?" मी गप्प झालो. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ छापलेलं असतं. डीएपीच्या पोत्यावर १८:४६. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे नत्र, स्फुरद, पालाश किती हे सांगितल्याशिवाय खत विकता येत नाही. संत्र्याच्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला की हा माणूस जस्त कमी पडलं म्हणून ओळखतो आणि किती टक्क्यांची फवारणी घ्यायची हे दुकानदाराला तोच सांगतो. जस्त आणि स्फुरद हे त्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. 'ग्राहकाला हे आकडे समजणार नाहीत' असं तुमच्यापैकी कुणी म्हणत असेल, तर त्यांनी हंगामात एकदा कळमन्याच्या बाजारात येऊन बसावं.

आणि ऑइलच्या मानकात असं बंधन कुठे नाही असंही नाही. मोटारसायकलसाठीचं जपानी जासो मानक पाहा. एमए आणि एमए२ लिहिलेल्या ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ पेक्षा कमी आणि ०.१२ पेक्षा जास्त चालत नाही. बाइकच्या डब्यावर जासो एमए दिसलं की आतला आकडा या दोन हद्दींमध्ये आहे हे मला न विचारता कळतं. मूळ कारण वेगळं आहे, बाइकमध्ये तेच ऑइल क्लचलाही लागतं आणि कारचं घसरट ऑइल टाकलं तर क्लच निसटतो. पण त्या निमित्ताने गिअर आणि कॅमची काळजी घेतली गेली. जुन्या बुलेटवाल्यांना म्हणूनच मी निर्धास्तपणे २०डब्ल्यू-५० एमए२ सांगतो. जुन्या कारवाल्याला सांगायला माझ्याकडे असा एकही शिक्का नाही.

डिझेलची गोष्ट वेगळी, पण दिशा तीच. २००२ च्या सीआय-४ या डिझेल ऑइलच्या वर्गात फॉस्फरसला वरची मर्यादा नव्हती. २००६ च्या सीजे-४ मध्ये ती ०.१२ झाली, ऑइल जळून उरणारी राखही एक टक्क्यावर आणली, कारण धुराच्या वाटेवर काजळी धरणारी गाळणी आली होती. २०१६ अखेर आलेल्या सीके-४ मध्येही तेच. बीएस-६ ट्रकला हेच ऑइल हवं. तिथे जुनं सीआय-४ टाकलं तर गाळणी राखेने भरेल आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मालकाला घाम फुटेल. मात्र वाडीच्या अंगणात बीएस-६ ट्रकच्या शेजारी वीस वर्षांचा ट्रक उभा असतो आणि दोघांना एकाच ड्रममधून ऑइल जातं. जुन्याला सहसा काही होत नाही, नव्याला होतं. ०.१२ पर्यंतचा फॉस्फरस जुन्या डिझेल इंजिनाला बहुधा पुरतो. तरीही ड्रमवर आकडा असता तर मुनीमजींनी दोन ड्रम ठेवले असते.

तोवर मी काय करतो, तेही सांगतो, कारण लोक मला रोज हेच विचारतात. जुन्या बनावटीचं सपाट टॅपेटचं पेट्रोल इंजिन नवं बांधलं की कॅमला आणि टॅपेटच्या तळाला जोडणीचं मॉलिब्डेनमचं ग्रीस चोपडतो. पहिलं ऑइल बहुतेक वेळा सीआय-४ वर्गाचं १५डब्ल्यू-४० भरतो. ते डिझेलचं म्हणून लोक बिचकतात, पण डब्यावर सीआय-४ च्या पुढे पेट्रोलचा वर्गही लिहिलेला असेल तर बिचकायचं कारण नाही. वीस मिनिटं इंजिन धरून चालवतो, पाचशे किलोमीटरला ऑइल बदलतो, जुन्या ऑइलची धार चुंबकावर धरून किती चुरा येतो ते गिऱ्हाइकाला दाखवतो. पुढे २०डब्ल्यू-५०, आणि ते फॉस्फरसचा आकडा देणाऱ्या कंपनीचं. नागपूरच्या उन्हाळ्यात जाड ऑइलचं आणखी एक कारण आहे. शंभर अंशाला ३० नंबरच्या ऑइलची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ५० नंबरची १६.३ ते २१.९. बेअरिंगच्या फटी वाढलेलं इंजिन मेमध्ये व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभं राहिलं की पातळ ऑइलवर प्रेशरचा दिवा लुकलुकायला लागतो. दुसरीकडे, आजकालच्या ज्या गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलंय तिच्यात मी ५० कधीच घालत नाही. तिचा पंप आणि तिच्या फटी त्याच हिशेबाने बनलेल्या आहेत.

दुकानात 'झिंक' म्हणून छोट्या बाटल्या मिळतात. त्या मी वापरत नाही. मूळ ऑइलमध्ये किती आहे तेच माहीत नसताना वरून किती घालायचं? फॉस्फरस फार वाढला तर तोही धातूला खातो, आणि तुम्ही मोजूनमापून बसवलेला बाकीच्या घटकांचा तोल बिघडतो. बघा, इथेही माझी गाडी त्याच एका आकड्यावर येऊन अडते.

आता सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. सूत्र बदलता, पण डबा तोच ठेवता. वडिलांनी वर्षानुवर्षं एकाच नावाचं ऑइल वापरलं. तेच नाव, तोच पिवळा डबा, तेच चित्र. मागच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एसएफचं एसएल झालं, एसएलचं एसएन झालं. वडिलांची नजर तेव्हा अधू झाली होती, आणि ती चांगली असती तरी त्या अक्षरांवरून आत काय कमी झालं हे त्यांना कळलं नसतं. काही जीपची इंजिनं टॅपेट खाऊन परत आली, तेव्हा ते स्वतःच्या हाताला दोष देत राहिले. माझं सेटिंग चुकलं असेल म्हणायचे. तीन इंजिनं त्यांनी स्वतःच्या पैशाने पुन्हा बांधून दिली. दोष कुणाचा होता हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. टॅपेट त्या काळातही हलकी येत होती. पण ऑइल बदललंय एवढं जरी त्यांना कुणी कळवलं असतं, तरी त्यांनी शोध त्या दिशेने घेतला असता.

म्हणून माझं मागणं असं. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे तुम्ही डब्यावर किंमत, वजन-माप, बनवल्याचा महिना, पत्ता, तक्रारीचा क्रमांक छापताच. त्याच्याच खाली एक ओळ छापा : फॉस्फरस इतके टक्के, जस्त इतके टक्के. नेमका आकडा नको असेल तर ०.०१ टक्क्याच्या फरकाची हद्द द्या, तेवढ्याने माझं भागतं. नावाला धक्का न लावता सूत्र बदललं तर बदलल्याचा महिना त्याच ओळीत द्या आणि पुढचं वर्षभर तो ठळक ठेवा. ज्या ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ किंवा त्याहून कमी आहे, त्यावर 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांसाठी' असं मराठीत आणि हिंदीत लिहा. दुकानदार डबा हातात देताना तेवढं वाचेल, आणि नाही वाचलं तर गिऱ्हाईक वाचेल.

मानक ब्युरोला वेगळं सांगणं आहे. इंजिन ऑइलचं आयएस १३६५६ हे मानक तुमच्याकडे आहे. त्याच्या पुढच्या सुधारणेत डब्यावरच्या मजकुरात ही ओळ घाला. एकट्या कंपनीने आकडा छापला तर तिला भीती वाटणार की शेजारच्या डब्यावर काहीच नाही आणि माझ्यावर ०.०७ पाहून लोक पळतील. सगळ्यांना एकत्र छापायला लावलं तर ती भीती राहत नाही. तुमच्या समितीत कंपन्या असतात, वाहन बनवणारे असतात, प्रयोगशाळा असतात. इंजिन खोलणाऱ्या माणसाला एकदा बोलवा. मी माझ्या खर्चाने दिल्लीला येईन, किंवा तुमच्या नागपूरच्या कार्यालयात सायकलवर येईन.

सुट्या ऑइलबद्दल आणि जुन्या डब्यांत भरून विकल्या जाणाऱ्या नकली ऑइलबद्दल इथे लिहीत नाही; तो वेगळा आणि पोलिसांचा विषय आहे. आमच्याकडे डबा रिकामा झाला की भाचा त्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतो, एवढं आम्ही करतो.

गुरुजींचं इंजिन परत बांधून तयार आहे. या खेपेचा कॅम मी हार्डनेस तपासून घेतला, टॅपेट आठही नवी, मजुरी लावलेली नाही. परवा ते गाडी न्यायला येतील आणि नेहमीसारखी वही काढून विचारतील, पुढचं ऑइल कुठलं, नाव सांगा, लिहून घेतो. मी त्यांना त्या एका कंपनीचं नाव सांगणार आहे, जिने आकडा कळवला. बाकीच्यांची नावं त्यांच्या वहीत लिहायला मी तयार आहे; डबा पाठवा, त्यावर ती ओळ असू द्या. झिजलेला कॅमशाफ्ट आणि त्याचं टॅपेट दुकानात ठेवलंय. रविवार सोडून कुठल्याही दिवशी दहा ते सहा यावं आणि सहाव्या लोबवरून बोट फिरवून पाहावं.

आपला,
सक्करदरा, नागपूर येथील एक इंजिन मिस्तरी